हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की आमच्या शाखेत जी गर्दी उसळते ती पैसे काढणाऱ्यांची नसते, भरणाऱ्यांची तर नसतेच नसते. ती असते आपण जिवंत आहोत हे सिद्ध करायला आलेल्या माणसांची. पेन्शनरांनी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असा सरकारी नियम आहे. २०१४ सालापासून हे काम बोटाचा ठसा देऊन घरबसल्याही होतं. पण घरबसल्या जिवंत राहण्यात आमच्या पेन्शनरांना गोडी वाटत नाही. ते काठी टेकत येतात, पंख्याखालची खुर्ची धरतात आणि आपली पाळी आली की काचेत तोंड घालून मला विचारतात, "काय साहेब, आहोत ना अजून?" मी फॉर्म बघतो, चेहरा बघतो, सही ताडून बघतो आणि शिक्का मारतो. झाली एका वर्षाची निश्चिंती. (सही मात्र पुष्कळदा जुळत नाही. माणूस जिवंत आहे हे डोळ्यांना दिसतं, पण तो तोच आहे हे बँकेला पटत नाही.)

हे शिक्के मारता मारता माझ्या असं लक्षात आलं, की जगातला सर्वांत निर्दय हयातीचा दाखला पेन्शनरांना नव्हे, तर अमेरिकेतल्या टेलिव्हिजन मालिकांना द्यावा लागतो. तिकडे दर वर्षी मे महिन्यात मोठ्या वाहिन्यांचे साहेबलोक पुढच्या हंगामाचं वेळापत्रक जाहीर करतात. ज्या मालिकेचं नाव यादीत आलं ती आणखी वर्षभर जगली. जिचं आलं नाही ती गेली. मग तिचा नायक कड्यावर लटकत असो, नायिकेला दिवस गेलेले असोत, पृथ्वीवर धूमकेतू आदळायला दोन मिनिटं उरलेली असोत. पेन्शन बंद म्हणजे बंद!

आपल्याकडे ही भीती नाही. आपल्याकडे मालिका मरत नाही, प्रेक्षक मरतो. माझी एक आत्या नायिकेचं दुसरं लग्न बघायची इच्छा मनात ठेवून गेली. तिच्या वर्षश्राद्धाला नायिकेची हळद चालू होती. तेव्हा 'मालिका वेळेआधी संपली' ही तक्रार मराठी माणसाला 'पगार लवकर झाला' या तक्रारीसारखीच वाटणार, हे मी जाणून आहे. पण मंडळी, अंतराळकथांच्या बाबतीत ही तक्रार खरी आहे, आणि तिच्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की ज्याच्यावरून आमच्या घरात चिरंजीव आणि मी यांच्यात गेला पावसाळाभर बोलाचाली चालू होती. (बोलाचाली म्हणजे तो बोलायचा आणि मी चालायला बाहेर पडायचो.)

आधी थोडे दाखले देतो. 'स्टार ट्रेक' नावाची जी प्रख्यात मालिका, जी आपल्या दूरदर्शनवरही एके काळी दाखवली गेली, तिच्या सुरुवातीला दर आठवड्याला गंभीर आवाजात सांगत, की या यानाची मोहीम पाच वर्षांची आहे. १९६६ साली निघालेलं ते यान १९६९ साली, ७९ भागांनंतर, वाहिनीने उतरवून घेतलं. उरलेली दोन वर्षं यानाने कुठे काढली याचा जाब कुणी विचारला नाही. 'फारस्केप' नावाच्या दुसऱ्या मालिकेची तऱ्हा याहून वाईट. चौथ्या वर्षाच्या शेवटच्या भागात नायक नायिकेला घेऊन होडीतून निघतो, लग्नाचं विचारतो, ती हो म्हणते, आणि एक परग्रहवासी विमानातून येऊन दोघांवर असा काही मारा करतो की त्या दोघांचे खडे होऊन होडीत सांडतात. खडे! वर 'पुढे चालू' अशी पाटी. हा भाग २००३ च्या मार्चमध्ये दाखवला गेला, आणि मालिका बंद होणार हे त्याच्या कितीतरी आधीच ठरून गेलेलं होतं. शेवटी २००४ च्या ऑक्टोबरमध्ये दोन भागांचं एक उत्तरकांड निघालं आणि त्यात ते खडे गोळा करून जोडण्यात आले. दीड वर्ष नवराबायको खड्यांच्या रूपात पडून होती. एवढ्या मुदतीत आमच्याकडे खातं 'निष्क्रिय' व्हायच्या वाटेला लागतं.

आणि 'क्वांटम लीप'! तिच्यातला शास्त्रज्ञ काळाच्या प्रवाहात सापडलाय. दर भागात तो कुणा दुसऱ्याच्याच आयुष्यात जाऊन पडतो, तिथलं काहीतरी निस्तरतो आणि दर वेळी आशा करतो की पुढची उडी आपल्या घरी पडेल. पाच वर्षं आणि ९७ भाग लोकांनी त्याच्याबरोबर घरची वाट पाहिली. १९९३ च्या मे महिन्यात शेवटचा भाग झाला आणि पडद्यावर एक काळी पाटी आली: तो घरी कधीच परतला नाही, अशा मजकुराची. एका ओळीत निकाल. त्यातही त्याच्या 'बेकेट' या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी दोन 'टी' हवे होते, तिथे एकच छापलेला. पाच वर्षांचं खातं बंद करायचं आणि खातेदाराच्या नावात चूक! आमच्या शाखेत हे घडलं असतं तर खुलासा मागवला गेला असता.

आता कुणी म्हणेल, यात एवढं हळहळायचं काय? करमणूकच ती. घरगुती मालिका अर्ध्यावर बंद पडली तर खरंच काही बिघडत नाही. सून सासूला चहा देत होती, देत राहील. पण अंतराळकथेचं तसं नाही. ती पहिल्या भागापासून उधारीवर चालते. लेखक सांगतो, हा काळा ठिपका लक्षात ठेवा. या राजदूताने आत्ता जे अर्धवट वाक्य टाकलं त्याचा अर्थ तिसऱ्या वर्षी सांगीन. आपण ठेवतो लक्षात! मी स्वतः घरून निघताना सांगितलेल्या तीन वस्तूंपैकी दोन विसरणारा माणूस. पण मिनबारी नावाच्या परग्रहवासीयांत धर्मवाले, योद्धे आणि कामकरी अशा तीन जाती असतात, हे आज मला झोपेतून उठवून विचारा. हे जे आपण लक्ष देतो ते शुद्ध विनातारण कर्ज असतं. साध्या कर्जाला आमच्याकडे जामीन लागतो, पगाराचा दाखला लागतो, आणि इथे लाखो माणसं आपली वर्षंच्या वर्षं एका अनोळखी लेखकाच्या हातात बिनजामिनाची देऊन बसतात. परतफेड एकच: शेवट.

तेव्हा प्रश्न असा आहे. आपला धंदा पुढच्या मेमध्ये बुडणार की चालणार हे कर्जदाराला माहीत नाही. त्याने काय करावं? ठरल्याप्रमाणे संथपणे हप्ते भरत राहावं, आणि बुडालं तर हात वर करावेत? की दुकानातला माल मिळेल त्या भावाने फुंकून सगळ्यांचं देणं एकदम चुकतं करावं, आणि धंदा चालू राहिलाच तर रिकाम्या दुकानात बसून राहावं?

हा प्रश्न मला सुचलेला नाही. एका माणसावर तो खरोखरच येऊन पडला होता. त्याचं नाव जे. मायकेल स्ट्रझिन्स्की (पासबुकात हे नाव एका ओळीत बसणार नाही), आणि त्याच्या मालिकेचं नाव 'बाबिलॉन ५'. चिरंजीवांनी कुठून तरी ही मालिका पैदा केली आणि गेल्या पावसाळ्यात रोज रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं बसू लागलो. आमच्या सौभाग्यवतींनी पहिल्याच भागात "यांच्या डोक्यांवर हे काय आलंय?" एवढं विचारून पांघरूण ओढून घेतलं.

कथा अशी. २२५८ साल. अंतराळात पाच मैल लांबीचं एक स्टेशन, त्यात माणसं आणि परग्रहवासी मिळून अडीच लाख वस्ती. सगळ्यांचे राजदूत तिथे राहतात, भांडतात, एकमेकांच्या खोल्यांत काय चाललंय त्याचा वास काढतात. थोडक्यात, तरंगती चाळ. आधीची तीन स्टेशनं घातपातात गेली, चौथं चालू झाल्यावर चोवीस तासांत जागेवरून नाहीसं झालं, आणि तरीही पाचव्याचं काम मंजूर झालं. यावरून तेविसाव्या शतकातही सार्वजनिक बांधकाम खातं शाबूत असणार असा दिलासा मला मिळाला.

स्ट्रझिन्स्कीचं वैशिष्ट्य हे, की त्याने पहिला भाग दाखवण्याआधीच ठरवलं होतं: गोष्ट पाच वर्षांची. पाच वर्षं, दर वर्षी २२ भाग, एकूण ११०. सुरुवात, मध्य, शेवट सगळं डोक्यात तयार. आपल्याकडे बारा पंचवार्षिक योजना झाल्या आणि २०१७ साली तो प्रकारच संपला, पण योजनेचा शेवट आधी लिहून ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ११० पैकी ९२ भाग या एकट्या माणसाने लिहिले. तिसरं आणि चौथं वर्ष तर सबंध. नट मधेच सोडून गेला तर काय, म्हणून प्रत्येक पात्रासाठी त्याने कथेत एकेक चोरवाट ठेवली होती. ती पहिल्याच वर्षानंतर लागली. मायकेल ओ'हेअर हा मुख्य नट बाजूला झाला आणि त्याच्या जागी ब्रूस बॉक्सलाइटनर आला. का, ते कुणालाच कळलं नाही. ओ'हेअरला गंभीर मानसिक आजार होता. हे गुपित मी मरेपर्यंत जपीन, असं स्ट्रझिन्स्कीने त्याला सांगितलं होतं. त्यावर त्याने म्हटलं, तुझ्या नको, माझ्या मरेपर्यंत जप आणि मग लोकांना सांग. ओ'हेअर २०१२ साली वारला, आणि २०१३ साली लोकांना कळलं. अठरा-एकोणीस वर्षं! तोंड बंद ठेवण्याची ही मुदत ठेव मला त्या सगळ्या अंतराळयानांपेक्षा जास्त थोर वाटते.

बरं. १९९४ च्या जानेवारीत मालिका सुरू झाली. दर वर्षी दाखला मिळेल की नाही याची धाकधूक. तीन वर्षं निघाली. चौथ्या वर्षी मात्र ज्या वाहिनी-मंडळावर ती चालत होती, ते पीटीईएन नावाचं मंडळच मोडीत निघालं. पाचवं वर्ष मिळणार नाही, हे जवळजवळ नक्की झालं. दोन वर्षांचा माल आणि हातात एक वर्ष.

माणसाने काय केलं? सगळं चौथ्या वर्षात कोंबलं. तीन वर्षं ज्या सावल्यांच्या महायुद्धाची तयारी चालली होती ते चौथ्या वर्षाच्या सहाव्या भागात संपलं. आणि संपलं कसं? हजारो वर्षं एकमेकांशी भांडत आलेल्या दोन पुराणपुरुष जमातींना नायक दोन्ही बाजूंच्या मधे उभा राहून खडसावतो, की आता तुम्ही दोघंही इथून निघा. आणि त्या निघतात! सोसायटीच्या वार्षिक सभेतही एवढ्यात कुणी ऐकत नाही. मला तो भाग आवडलेला नाही, हे स्वच्छ सांगतो. पण त्यानंतरचा मजकूर जो धावतो, तो असा धावतो की रात्री दीड वाजता चिरंजीव "अजून एक?" म्हणायचे आणि दुसऱ्या दिवशी ऑडिट आहे हे माहीत असून मी मान हलवायचो. पृथ्वीवरच्या हुकूमशाहीशी लढाई, नायकाची अटक, त्याचा छळ. मुळात चौथं वर्ष या छळाच्या खोलीतच संपायचं होतं. नायक खुर्चीला जखडलेला, सुटेल की नाही ठाऊक नाही, आणि वर्षभर थांबा. ते थांबणं लेखकाने रद्द केलं. त्याला तिथून सोडवला, लढाई संपवली, आणि २२८१ सालात घडणारा अगदी शेवटचा भागसुद्धा चौथ्या वर्षातच चित्रित करून ठेवला.

आणि मग, वाचकहो, टीएनटी नावाची वाहिनी आली आणि म्हणाली, घ्या तुमचं पाचवं वर्ष.

तुम्ही घरातली भांडीकुंडी विकून, शेजाऱ्यांचा निरोप घेऊन, दाराला कुलूप लावून जिना उतरता आणि खाली घरमालक म्हणतो, "राहा की आणखी वर्षभर!" तशातली गत. तो शेवटचा भाग उचलून पाचव्या वर्षाच्या अखेरीला ठेवला. त्याच्या जागी चौथ्या वर्षासाठी घाईने दुसरा भाग केला: शंभर वर्षांनी काय झालं, पाचशे वर्षांनी काय, हजार वर्षांनी काय, शेवटी दहा लाख वर्षांनी काय. आणि पाचवं वर्ष? वरताण म्हणजे त्या वर्षासाठी काढलेली टिपणं एका हॉटेलातल्या सफाईवाल्यांनी कचरा समजून टाकून दिली, असं त्यानेच पुढे सांगितलं आहे. पाचव्या वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात एक लांब केसांचा पुढारी आपल्या मनकवड्या अनुयायांना घेऊन स्टेशनात राहायला येतो आणि मेणबत्त्या लावून गाणी म्हणतो. चिरंजीव त्याला 'फास्ट फॉरवर्ड' म्हणूनच ओळखतात.

"त्याने घाबरून गोष्टीचा गळा दाबला," असं चिरंजीवांचं ठाम मत. ते इंजिनिअरिंगला आहेत, त्यामुळे सगळीच मतं ठाम आहेत. "लेखकाने गोष्टीचं ऐकायचं की वाहिनीचं? गोष्टीला दोन वर्षं लागत होती, तर दोन वर्षंच द्यायची. बंद पडली असती तर पडली असती! अर्धी राहिलेली चांगली गोष्ट ही पुरी झालेल्या कोंबाकोंबीपेक्षा बरी. 'फायरफ्लाय' बघा. २००२ साली चौदा भाग केले, त्यातले वाहिनीने अकराच दाखवले आणि बंद केली. आज लोक तिला देव मानतात."

"आणि २००५ साली त्यांना सिनेमा काढावा लागला तो कशाला?" मी विचारलं.

"ते निराळं."

मी हा वाद शाखेत नेला. आमचे पासिंग ऑफिसर अंतराळातलं काही बघत नाहीत, पण सगळ्या प्रश्नांवर त्यांचं मत असतं. ते म्हणाले, "सोपं आहे. मुदतीआधी एफडी मोडली. जेवढे दिवस ठेव राहिली तेवढ्या दिवसांचाच दर मिळणार, वर दंड कापला जाणार. व्याज गेलं. पण मुद्दल हातात आलं की नाही? मग रडायचं काय?" मला हे पटलं, पण पुरतं नाही. कारण एफडी मोडणाऱ्याला पैशांची गरज आज असते. या माणसाची गरज पुढच्या वर्षाची होती, आणि ते वर्ष येणार नाही असं धरून तो चालला होता. ते आलं. मग मोडण्याचा निर्णय बरोबर की चूक?

या ठिकाणी मला दादांविषयी सांगितलं पाहिजे. दादा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. सहासष्टाव्या वर्षी त्यांच्या हृदयाचं काहीतरी निघालं आणि एका डॉक्टरांनी सहा महिने धरून चालायला सांगितलं. दादांनी येताना कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनशे पानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: 'निरवानिरव'. खाली समास आखला. मग कामाला लागले. विजेचं मीटर आईच्या नावावर. प्रत्येक ठेवीला नॉमिनेशन. शब्दकोशाचे खंड भाच्याला. मनगटावरचं एचएमटी मला. म्हणजे काढून माझ्या हातात बांधलंच. राजापूरकडच्या आमच्या गावात सात कलमांच्या वाटणीवरून धाकट्या काकांशी चौदा वर्षं बोलणं नव्हतं. दादा तशा प्रकृतीत एकटे एस.टी.ने गेले, सातही कलमं काकांना देतो म्हणाले, दोन दिवस राहिले, जेवले आणि येताना त्याच कलमांचे दोन डझन आंबे घेऊन आले. शेवटचं काम आईशी बोलण्याचं. ते एका दुपारी स्वयंपाकघरात दार लोटून झालं. काय बोलले ते आम्हांला आजही माहीत नाही. त्यानंतर दोन दिवस आमटीत दोनदा मीठ पडत होतं, एवढंच माहीत आहे. वहीत शेवटच्या ओळीपुढे बरोबरची खूण झाली.

आणि दादा मेले नाहीत.

दुसरे डॉक्टर भेटले, एक शस्त्रक्रिया झाली, आणि दादा नऊ वर्षं जगले! पहिल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याचा फॉर्म भरताना ते मला म्हणाले, "यावर सही करायला जरा चोरट्यासारखं वाटतं रे." नऊ वर्षं त्यांच्याकडे करण्यासारखं काही उरलं नव्हतं. शब्दकोश बघायचा झाला तर भाच्याला फोन. वेळ बघायची झाली तर मला. मग ते सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीच्या झडपेवरून चेअरमनशी भांडू लागले. कोथिंबीर आणायला गेले की तासाभराने यायचे. नातवाला, म्हणजे याच चिरंजीवांना, पाढे शिकवायचे आणि स्वतःच एकोणतीसच्या पाढ्यात अडकायचे. पाचवं वर्ष, दुसरं काय! लांब केसांचा पुढारी तेवढा नव्हता.

त्या नऊ वर्षांतल्या तिसऱ्या वर्षी काका गेले. अचानक, शेतावरून आले, बसले आणि गेले. म्हणजे सहा महिन्यांची मुदत ज्याला दिली होती तो उरला, आणि ज्याला मुदत दिलेली नव्हती तो गेला. दादा सवडीने, योग्य वेळ बघून, पुढच्या मे महिन्यात आंब्याच्या दिवसांत जाऊ म्हणून थांबले असते आणि ते जाणं असंच वर्षावर वर्षं पुढे गेलं असतं, तर कलमं गावात होतीच, काका नव्हते. दादा स्वतः गेले तेव्हा चार दिवसांत सगळं आटोपलं. त्या चार दिवसांत त्यांनी महत्त्वाचं असं काहीच सांगितलं नाही. शेवटचं स्पष्ट वाक्य "दूध घेतलंत का?" हे होतं. आईला त्याचं काहीच वाटलं नाही. तिचं पूर्वीच मिळून चुकलं होतं.

मी हे सगळं चिरंजीवांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "बाबा, पण आजोबा काही मालिका नव्हते."

बरोबर आहे. म्हणून मालिकेचाच हिशेब दाखवतो. त्या मालिकेतले नट फार लवकर आणि फार संख्येने गेले. डॉक्टर झालेला रिचर्ड बिग्ज २००४ साली, अवघा ४४ वर्षांचा. जी'कार या राजदूताचं काम ज्याने मुखवट्याआडून नुसत्या डोळ्यांनी केलं तो आंद्रेआस कात्सुलास २००६ साली. जेफ कॉनवे २०११. ओ'हेअर २०१२. जेरी डॉइल २०१६. स्टीफन फर्स्ट २०१७. देलेन झालेली मीरा फुर्लान २०२१. गोष्ट अर्ध्यावर ठेवून, पुढेमागे कुणी पैसे देईल तेव्हा सगळ्यांना जमवून पुरी करू, असं कुणी म्हटलं असतं तर आज कुणाला जमवणार होता? क्लॉडिया क्रिश्चियन सुदैवाने हयात आहे, पण ती चौथ्या वर्षानंतर मालिका सोडून गेली. सबंध पाचव्या वर्षात ती नाही आणि शेवटच्या भागात मात्र अचानक आहे, सगळ्यांबरोबर जेवायला बसलेली. कारण तो भाग ती जाण्याआधीच काढून ठेवला होता. घाई केली म्हणून पंगत पुरी भरली.

आणि पाचवं वर्ष अगदीच टाकाऊ आहे हेही मी मानत नाही. त्याच्या उत्तरार्धात लोंडो मोलारी नावाचा एक राजदूत आपल्या जळत्या राजधानीत सम्राट होतो, पण खांद्यावर एक परका जीव बसलेला, त्याच्या हुकमाबाहेर श्वास घेता येत नाही, आणि हे मित्रांना सांगताही येत नाही. आपल्याला मरण केव्हा आणि कुणाच्या हातून येणार, हे या मोलारीला तरुणपणीच स्वप्नात दिसलेलं असतं. नायकालाही एकदा मरून परत आल्यावर सांगितलेलं असतं, की तुला साधारण वीस वर्षं मिळतील, जास्त नाही. मुदत माहीत असलेल्या माणसांची ही गोष्ट. तिच्या लेखकाला तेवढी स्वतःची मुदत कुणी सांगितली नाही.

शेवटच्या भागात स्टेशन रिकामं करतात. सगळे निघून गेल्यावर एक तंत्रज्ञ येतो, एकवार चहूकडे बघतो आणि दिवे मालवतो. तो तंत्रज्ञ म्हणजे खुद्द स्ट्रझिन्स्की. स्वतःच्या हाताने मालवून मोकळा झाला, आणि मग त्याच स्टेशनात दिवे लावून वर्षभर काम करायला परत आला.

चिरंजीवांच्या हातात आता एकच पत्ता उरला होता आणि तो त्यांनी गेल्या आठवड्यात टाकला. 'बाबिलॉन ५' नंतर याच लेखकाने 'क्रुसेड' नावाची दुसरी मालिका काढली. पृथ्वीवर शत्रूने एक साथ सोडली आहे, पाच वर्षांत औषध सापडलं नाही तर मनुष्यजात संपणार, आणि एक यान औषध शोधायला निघतं. गोष्ट पुन्हा लांब पल्ल्याची. या खेपेला त्याने घाई केली नाही. १९९९ साली तेरा भाग दाखवून मालिका संपली; तिचं काम तर पहिला भाग दिसण्याआधीच थांबवलेलं होतं. यान अजून शोधतंच आहे.

"म्हणजे सगळे मेले?" सौभाग्यवतींनी पांघरुणातून विचारलं. पावसाळाभर त्या जाग्या होत्या, हे मला त्या वेळी कळलं.

मेले नाहीत. ते मी सिद्ध करून देऊ शकतो. चौथ्या वर्षाच्या शेवटी घाईघाईने केलेला जो भाग मघाशी सांगितला, त्यात शंभर वर्षांनंतर तीन विद्वान कॅमेऱ्यासमोर बसून 'नायक खरंच एवढा मोठा होता का' यावर वाद घालताना दिसतात. विद्वान वाद घालतायत म्हणजे मनुष्यजात शिल्लक आहे, सुस्थितीत आहे आणि तिला कामधंदा नाही. औषध सापडलं असलंच पाहिजे. साथ १९९९ साली आली आणि ती बरी झाल्याचा पुरावा १९९७ सालीच काढून ठेवलेला आहे.

चिरंजीवांना हे पटलेलं नाही. "पण सापडलं कसं? कुणाला?" असं ते गेले चार दिवस मला जेवताना विचारतायत.